तिकडे आपल्याला कोण ओळखतंय?

प्रवासाला जुनेच कपडे न्यावेत, ही शिकवण मला आमच्या अण्णांकडून मिळाली. त्यांचं त्यामागचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं : "तिकडे आपल्याला कोण ओळखतंय?" पंढरपूर असो नाहीतर काशी, अण्णांच्या बॅगेत विटलेल्या पँटी आणि जाळी झालेली बनियनं निघायची. ही बनियनं परत आणायची नसत. रोज एक घालायचं आणि मुक्कामीच सोडून द्यायचं. येताना बॅगेत तेवढी जागा होते आणि तिथे पेढे बसतात.

बनियनांचा हा प्रयोग मी 2014 साली कन्याकुमारीला केला. खोली सोडताना दोन बनियनं बाथरूमच्या खुंटीवर ठेवली आणि शांतपणे गाडीत येऊन बसलो. गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच हॉटेलचा एक मुलगा धावत आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं होतं. "सर, युवर ड्रेस." एका भोकातून दुसरं भोक दिसेल अशी ती दोन बनियनं त्याने घड्या घालून, कडा जुळवून बांधली होती. मी त्याला पन्नास रुपये दिले. ड्रायव्हरसकट सगळ्यांनी पुडक्यात काय आहे ते पाहिलं होतं. ही मदुरैपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तरीही माझी निष्ठा ढळली नाही, आणि तिचं मूर्त रूप म्हणजे माझा मरून चौकड्यांचा शर्ट.

आपल्याकडे कपड्यांचेही चार आश्रम असतात. आधी ते ठेवणीतले असतात, मग येण्याजाण्याचे होतात, मग घरातले, आणि शेवटी गॅसचा ओटा पुसायचं फडकं. हा शर्ट मी 2007 च्या दिवाळीत लक्ष्मी रोडवर घेतला. मधल्या काळात कॉलर झिजली, तेव्हा शिंप्याकडून ती उलटवून घेतली. (कॉलर उलटवून देणारा शिंपी आता पुण्यात शोधावा लागतो. जो सापडला, त्याने शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पैसे आधी मागितले.) गेली दहा वर्षं तो शर्ट येण्याजाण्याचे आणि घरातले यांच्या सीमारेषेवर उभा होता. ही त्याला पलीकडे ढकलायची, मी अलीकडे ओढायचो.

हिचा खरा राग फोटोंवरून होता. महाबळेश्वर 2009, गणपतीपुळे 2011, कन्याकुमारी 2014, हंपी 2018. सगळीकडे मी, आणि माझ्या अंगावर तो. "अहो, सगळे फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतात," ही म्हणाली. "सकाळी महाबळेश्वर, दुपारी हंपी!" एकदा तर तिने तो बोहारणीपुढे टाकला. बोहारणीने तो उजेडाकडे धरला, कॉलरीवरून बोट फिरवलं आणि परत देत म्हणाली, "ताई, याच्यात चहाची गाळणी पण नाय येणार." त्या बाईचे माझ्यावर फार उपकार आहेत.

यंदा मे महिन्यात मनालीला जायचं ठरलं आणि ठिणगी पडली. आमची सई कॉलेजात आहे. तिने विमानाच्या तिकिटांआधी कपड्यांची यादी केली. हडिंबा देवीला एक, मॉल रोडला एक, बर्फात एक आणि अटल बोगद्यात एक.

"बोगद्यात कशाला? तिथे तर गाडी थांबवूच देत नाहीत."

"बाबा, गाडीत बसून रील काढणार आहे मी."

नऊ किलोमीटरच्या बोगद्याला दहा-बारा मिनिटं लागतात. मिनिटामागे त्या टॉपचा खर्च किती पडला, याचा हिशेब मी बँकेतला माणूस असल्यामुळे लगेच केला, पण अनुभवी नवरा असल्यामुळे मनातच ठेवला.

तिच्या खरेदीला तुळशीबाग आणि कॅम्पातली फॅशन स्ट्रीट पुरली. माझं घोडं अडलं ते थर्मलवर. मनालीत आतून घालायला थर्मल लागतंच, असं हिच्या भिशीतल्या सगळ्या बायकांनी एकमुखाने सांगितलं होतं. म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना, दुपारी साडेतीन वाजता आम्ही लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात गेलो आणि थर्मल मागितलं. होळीला राखी मागावी तसं दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं. मग त्याने एका पोऱ्याला माळ्यावर चढवलं. वरून एक गोणी खाली आली आणि दुकानभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला.

"घालून बघा. नंतर बदलून मिळणार नाही."

ट्रायल रूम आमच्या देवघराएवढी होती आणि तिला तिन्ही बाजूंनी आरसे. माणसाच्या तीन बाजू एका वेळी दाखवायची गरज कुणाला वाटली असेल? मला मागून टक्कल पडलंय ही बातमी मला तिथे कळली. बाकीच्यांना ती होतीच, असं नंतर विचारल्यावर समजलं.

थर्मल हे वस्त्र अंगात शिरायला तयार असतं, निघायला नसतं. घामेजल्या अंगावर ते दुधावरच्या सायीसारखं चिकटलं. काढायला गेलो तर छातीपर्यंत वर आलं आणि तिथेच थांबलं. दोन्ही हात वर, तोंड आत, आणि बाहेरून हिचा आवाज.

"झालं का?"

"हं."

"बसतंय ना?"

"बसलंय."

"मग या की बाहेर, बघू."

"येता येत नाहीये."

बाहेर थोडी कुजबुज झाली. मग दार किलकिलं झालं आणि तो माळ्यावरचा पोऱ्या म्हणाला, "काका, खाली वाका, मी ओढतो." मी वाकलो. समोर देव असता तर तो प्रसन्नच झाला असता, इतका वाकलो. त्याने एक पाय दाराला लावून जोर केला. टर्रर्र असा आवाज झाला आणि मी मोकळा झालो. काखेतली शिवण पार बगलेपासून कमरेपर्यंत गेली होती. दुकानदार काही बोलला नाही, त्याने फक्त बिलबुक पुढे ओढलं. सुट्टीसाठी घेतलेला पहिला नवा कपडा असा दुकानातून निघतानाच जुना झाला. मला आतून थोडं बरंच वाटलं.

त्यानंतर मी विरोध सोडला. ट्रॅक पँट, जॅकेट, हातमोजे, "हे तुम्हाला छान दिसतं" या एकाच कारणासाठी घेतलेला मोरपंखी टी-शर्ट. मी फक्त पिशव्या धरल्या.

आई मात्र अण्णांच्याच पक्षाची. प्रवासात नवी साडी नेसायची नाही, यावर ती ठाम. तरी एक इरकली तिने तळाशी सारलीच, "एखाद्या देवळात लागली तर." आणि वर अण्णांचा बाटलीहिरवा स्वेटर. तो तिनेच 1994 साली विणला होता. हिने आईला नवीन कार्डिगन आणलं, तर आई म्हणाली, "ठेव. परत आल्यावर घालीन." पुण्यात, मे महिन्यात.

निघायच्या आदल्या रात्री वजनं झाली. विमानात माणशी 15 किलो, म्हणजे चौघांचे 60. बाथरूममधला काटा हॉलमध्ये आला. बॅग घेऊन मी काट्यावर उभा राहायचं आणि त्यातून माझं वजन वजा करायचं, अशी पद्धत. त्यात सगळ्यात आधी माझं वजन सगळ्यांना कळलं, त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली, आणि मग एकूण आकडा आला : 71. अकरा किलो जास्त. वजाबाकी कुठून सुरू व्हावी? ही सरळ माझ्या बॅगेपाशी गेली, तळातून चौकड्यांचा शर्ट काढला आणि सोफ्यावर टाकला. दोनशे ग्रॅम. उरलेले दहा किलो आठशे ग्रॅम आम्ही मग हातातल्या बॅगांत आणि अंगावर वाटून घेतले. पुण्याच्या विमानतळावर मे महिन्यात जॅकेट घालून उभी असलेली माणसं पाहिलीत, तर ती आजारी नसतात. त्यांचं सामान जास्त झालेलं असतं.

मनालीच्या हॉटेलात पोचल्यावर आईने पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढला. झाकण उघडू नये म्हणून तो कापडात घट्ट बांधला होता. कापड मरून चौकड्यांचं होतं.

"फडकं म्हणून घेतला," माझ्याकडे न बघता आई म्हणाली.

आता पुढे जे घडलं ते नव्या कपड्यांच्या बाजूच्या लोकांनी जरा लक्ष देऊन वाचावं. मनालीत कुणीही स्वतःच्या कपड्यांत फोटो काढत नाही! हडिंबा देवीचं देऊळ 1553 सालचं, लाकडी, देवदारांच्या दाट सावलीत. बघत राहावं असं. पण देवळाच्या आवारात पोचायच्या आधीच गुबगुबीत अंगोरा ससे घेतलेल्या बायका आणि भाड्याचे हिमाचली पोशाख गाठतात. पाच मिनिटांत सई आणि ही, दोघी पट्टू गुंडाळून, डोक्याला धाटू बांधून, हातात एकेक ससा घेऊन उभ्या. सईचा बदामी को-ऑर्ड सेट, ज्यासाठी दोन रविवार खर्ची पडले होते, तो फोटोत मनगटापाशी अर्धा इंच दिसतो.

दुसऱ्या दिवशी बर्फ. बोगद्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला बर्फाच्या कपड्यांची दुकानं लागतात. दुकानांना नावांपेक्षा नंबरच मोठे. आपला ड्रायव्हर कुठल्या नंबरला थांबणार हे आधीच ठरलेलं असतं. तिथे गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध सूट आणि गमबूट भाड्याने देतात. जॅकेट, ट्रॅक पँट, मोरपंखी टी-शर्ट आणि शिवून घेतलेलं थर्मल, सगळं त्या सूटच्या पोटात गेलं. बोगद्यातलं रीलही सईने त्या सूटमध्येच काढलं. पलीकडे लाहौलच्या बाजूला बर्फात उतरलो, तर नजर जाईल तिथवर लाल आणि निळे सूट लोळत होते. सूट फक्त आईने घेतला नाही. "कुणाकुणाच्या अंगातलं काय माहीत," म्हणाली. साडीवर अण्णांचा स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी आणि पायात सईचे बूट, अशी ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा प्यायली. त्या दिवसाच्या शंभर फोटोंत ओळखू येणारं माणूस एकच आहे.

मी तर मागून ही समजून एका लाल सूटच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चल गं, मॅगी खाऊ." सूट वळला. आत मिशा होत्या. "कुठे?" त्या गृहस्थांनी अस्सल नाशिकच्या मराठीत विचारलं. आम्ही दोघेही ओशाळून हसलो आणि आपापल्या सूटांच्या शोधात निघालो.

भाड्याच्या सूटला शिवणीपाशी भोकं असतात, हे बर्फात बसल्यावर कळतं. संध्याकाळी हॉटेलवर आलो तेव्हा माझ्या अंगावरचं सगळं ओलं, बॅगेतलं सगळं आदल्या दिवशीच्या पावसाने ओलं आणि हीटरवर सईचे कपडे. कोरडं असं एकच वस्त्र खोलीत होतं. त्याला साजूक तुपाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. मी हिच्याकडे पाहिलं. हिने छताकडे पाहिलं.

शर्ट घालून, वर शाल घेऊन मॉल रोडला गेलो. पोटावरची दोन बटणं श्वास रोखून उभी होती. मे महिन्यातला मॉल रोड म्हणजे एका बाजूला गुजराती, एका बाजूला बंगाली, आणि मधून "अरे पार्थ, हात सोडू नकोस!" असं ओरडणारे आपण. तेवढ्यात समोरून ते सकाळचे मिशावाले आले. माझ्या छातीकडे बघून थबकले.

"अहो, तुम्ही 2018 ला हंपीला होतात ना? आमच्याच बसमध्ये?"

"हो! तुम्ही कसं ओळखलंत?"

"शर्टावरून," ते म्हणाले. "आमच्या फोटोंतही आहे तो. मागे."

ही काहीच बोलली नाही. असं काही न बोलणं मी मदुरैच्या वेळी ऐकलं होतं.

निघायच्या सकाळी तिने शर्टाची घडी घालून खोलीतल्या खुर्चीवर ठेवली. मुद्दाम, मला दिसेल अशी. मी काही म्हणालो नाही. मात्र बिलाचे पैसे देताना वेळ काढला, एक चहा जास्त घेतला, बॅगा मोजल्या, पुन्हा मोजल्या. कन्याकुमारीच्या अनुभवानंतर मला खात्री होती. कुणीतरी धावत येणारच. कुणी आलं नाही. गाडी सुटली.

पंधरा-वीस मिनिटांनी आई म्हणाली, "माझी कानटोपी राहिली."

गाडी वळवली. हॉटेलच्या पायऱ्यांवर कानटोपी हातात घेऊन खोल्या आवरणारा मुलगा उभा होता, विशीतला, सडपातळ. अंगात मरून चौकड्यांचा शर्ट. 2007 साली मी ज्या मापाचा होतो, नेमका त्या मापाचा तो मुलगा. उलटवलेली कॉलर ताठ, बटणं आरामात. ही माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे, आणि आईने कानटोपी घेऊन ती लगेच डोक्यावर ओढली.

सईने मोबाइलमधून मान वर केली. त्या मुलाकडे नीट पाहिलं.

"बघा बाबा," ती म्हणाली, "असा शर्ट घ्यायला हवा होता तुम्ही."