‘फक्त अमुक दुकानातच मिळेल’

पोस्ट लांब आहे, आणि आहे ती आपला नवा अल्बम एकाच बड्या दुकानसाखळीला देऊन टाकणाऱ्या कलाकारांबद्दल. संगीताच्या धंद्यात ज्यांना रस नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

२००७ च्या ऑक्टोबरात ‘ईगल्स’ या अमेरिकन रॉक बँडचा नवा स्टुडिओ अल्बम आला, तब्बल २८ वर्षांनी. अमेरिकेतल्या दुकानांपैकी तो एकट्या वॉलमार्टकडे होता. पहिल्याच आठवड्यात ७ लाख ११ हजार प्रती खपल्या. एकाच विक्रेत्याकडे मिळणारे अल्बम ‘बिलबोर्ड’ हे खपाच्या याद्या छापणारं मासिक तोवर आपल्या मुख्य यादीत धरत नसे. त्या आठवड्यात नियम बदलला आणि ईगल्स थेट पहिल्या नंबरावर. पुढच्याच वर्षी एसी/डीसी या रॉक बँडने वॉलमार्टशी तसाच करार केला. इतकी वर्षं या मंडळींच्या जुन्या रेकॉर्डी मांडून ठेवणाऱ्या लहान दुकानांत नवा अल्बम मात्र नव्हता.

वॉलमार्टवर माझा राग नाही. ते धंदा करायलाच बसलेत. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानांनी सीडी खरेदीच्या भावापेक्षाही स्वस्त विकल्या, का तर सीडीसाठी आलेला माणूस जाताना टीव्ही बघेल. त्यांच्या दृष्टीने सीडी म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. रेकॉर्डवाल्याकडे विकायला टीव्ही नसतो, हा सगळा घोळ तिथून सुरू होतो. राग आहे तो कलाकारांवर आणि त्यांच्या मॅनेजर लोकांवर.

‘एक अल्बम नाही विकला तर काय दुकान बुडतं का?’ असं विचारणारे भेटतात. एका अल्बमने नाही बुडत. पण गाजलेल्या नावाचा अल्बम येतो त्या दिवशी एरवी महिनोन्‌महिने न फिरकणारी माणसंही दुकानात येतात. आलीच आहेत तर खोके चाळतात, जुन्या जॅझची एखादी वापरलेली रेकॉर्ड उचलतात, काउंटरवरच्या पोराला ‘हे काय वाजतंय रे?’ विचारतात आणि तेही घेऊन जातात. हिट अल्बमवर सुटणारे पैसे थोडेच, पण तो चटकन रोकड देतो, आणि वर्षभर न हलणारा माल त्या रोकडीवर फळीवर टिकून राहतो. नवख्या बँडला जागा मिळते ती याच फळीवर.

त्याहून वाईट प्रकार जास्तीच्या गाण्यांचा. अल्बम सगळीकडे, पण दोन-तीन वाढीव गाण्यांची आवृत्ती टार्गेटसारख्या एकाच साखळीकडे. वरवर बघता कुणाचंच नुकसान नाही. पण ती वाढीव गाणी हवी कुणाला असतात? सहज ऐकणाऱ्याला साधी आवृत्ती पुरते. जीव टाकणारा चाहता, जो रेकॉर्डच्या दुकानाचं नेहमीचं गिऱ्हाईक असतो, नेमका तोच उचलून नेला जातो. आणि ‘ती आमच्याकडे येणार नाही, तिकडे बघा’ हे त्याला सांगायचं कुणी, तर दुकानदारानेच. एकदा तिकडची वाट पायाखालची झाली की पुढचा अल्बमही तो तिकडूनच घेतो.

यावर कुणी ओरडलंच नाही असं नाही. रोलिंग स्टोन्स या बँडने २००३ मध्ये आपला डीव्हीडी संच बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळीला दिला, तेव्हा एचएमव्ही कॅनडा या संगीताच्या दुकानांच्या साखळीने त्यांचा सगळा माल फळीवरून उतरवला. २००५ मध्ये गायिका अलानिस मोरिसेटचा अल्बम आधी सहा आठवडे स्टारबक्समध्ये विकायचं ठरलं, तेव्हाही एचएमव्हीने तेच केलं. पण ही मिजास साखळीला परवडते. एका खोलीत दुकान थाटलेल्या माणसाने स्टोन्स उतरवले तर स्टोन्सना पत्ताही लागायचा नाही, त्याचा गल्ला तेवढा हलका होईल.

बरं, करार करून कलाकाराचं भलंच होतं असंही नाही. ‘गन्स एन रोझेस’ या रॉक बँडचा वर्षानुवर्षं रखडत राहिलेला अल्बम २००८ मध्ये फक्त बेस्ट बायकडे आला. बेस्ट बायने पैसे आधीच मोजलेले होते. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत जेमतेम २ लाख ६१ हजार प्रती गेल्या, आणि पुढे तोच माल कवडीमोलाने काढावा लागला. वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलेल्या अल्बमबद्दल गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला तिथे कोण असणार?

त्याच २००८ साली ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ सुरू झाला. त्या दिवशीच्या खास आवृत्त्या फक्त स्वतंत्र दुकानांत. मला तो आवडतो, पण पूर्ण नाही. औषध तेच, फक्त बाटली आपल्या हातात. त्यातून हा माल बहुतेक कंपनीकडे परत जात नाही. अंदाज चुकला की पैसे दुकानदाराचे अडकतात, आणि जे हातोहात खपतं त्यातलं बरंचसं संध्याकाळपर्यंत ईबेवर दुप्पट-तिप्पट भावाने दिसतं.

टेलर स्विफ्टचं उदाहरण तर मला कळतच नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये, कोविडने दुकानं गळाठलेली असताना, तिने सही केलेल्या सीडी अमेरिकेतल्या स्वतंत्र दुकानांना पाठवल्या. लोकांनी रांगा लावल्या. म्हणजे या दुकानांना काय हवंय हे तिला पक्कं ठाऊक आहे. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात, नाताळच्या खरेदीच्या ऐन तोंडावर, तिच्या अल्बमची ३५ गाण्यांची आवृत्ती सीडी आणि रेकॉर्डवर आली, तेव्हा ती विकायला होती फक्त टार्गेटकडे.