टेबलावर कटर फिरवून मिनी मिल सरळ होत नाही

‘मिनी मिल दहा मिनिटांत सरळ करा, डायल नको, खर्च नको’ हा चार मुद्द्यांचा मेसेज महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मिनी मिल म्हणजे बाकावर मावणारं, फिरत्या कटरने धातू तासणारं छोटं मशीन. ते ‘सरळ’ म्हणजे कटर फिरवणारा दांडा, स्पिंडल, टेबलाला काटकोनात. आणि डायल म्हणजे मायक्रॉनमधला, मिमीच्या हजाराव्या भागातला फरक दाखवणारं काट्याचं मापक. मेसेज मलाही चौघांनी पाठवला, मी सोडून दिला. पण गेल्या शनिवारी रात्री कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला, “मामा, टेबलाला मार्किंग ब्लू लावून ठेवलाय, सकाळी फ्लाय कटर मारतो.” म्हणजे कुठे तासलं गेलं ते दिसायला निळा रंग लावून, एका पात्याच्या कटरने टेबलच तासणार. त्याला म्हटलं, प्लग काढ आणि मी येईपर्यंत मशीनला हात लावू नकोस.

कारण मेसेजचा दुसरा मुद्दा हाच आहे: स्पिंडल टेबलाला काटकोनात नसेल तर टेबलच तासून घ्या. अहो, वाकडा आहे स्पिंडल आणि तासताय टेबल? लाकूड कोरायच्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) राउटरवर खालचा एमडीएफ बोर्ड असा तासतात हे खरं. तो झिजला की फेकून नवा टाकतात. इथे ओतीव लोखंडाचं ग्राइंड केलेलं टेबल आहे, आणि ते तासलं तरी स्पिंडल होता तसाच कललेला राहतो.

रविवारी जाऊन पाहिलं. टेबलाच्या खाचांमध्ये (टी-स्लॉट) डायलची सुई अडकू नये म्हणून टेबलावर मोठ्या बेअरिंगची रिंग ठेवली, स्पिंडलला पपीटास (तरफेचा डायल) लावला आणि हाताने फिरवला. 140 मिमीच्या फेऱ्यात डावी-उजवीकडे 210 मायक्रॉनचा फरक. एवढ्या कलावर 50 मिमीचा फ्लाय कटर टेबलाच्या लांबीत चालवला की प्रत्येक पासला मध्यभागी जवळपास 37 मायक्रॉनची पन्हळ पडते. शिवाय एक्स-टू जातीच्या या मशीनचं टेबल साधारण 390 मिमी लांब, आणि ते सरकतं जेमतेम 220 मिमी. म्हणजे दोन्ही टोकांना साठेक मिमी कटर पोचतच नाही, तिथे पायरी उरते. पुढे काम पकडायचा व्हाइस कुठे बसवणार होता हा पोरगा?

पहिला मुद्दा स्पिरिट लेव्हलचा. लेव्हल जमिनीशी नातं सांगते, स्पिंडल आणि टेबलाचं नाही. मशीन तिरक्या बाकावर ठेवूनही ते दोघं एकमेकांशी काटकोनात असू शकतात. आणि बांधकामातली बरी लेव्हलसुद्धा मीटरला अर्धा मिमी चुकते. 140 मिमीवर ते 70 मायक्रॉन झाले.

“डायल कशाला, हौशी मशीन आहे” असं खाली ठळक अक्षरांत लिहिलंय. जर्मन अभियंते श्लेझिंगर यांनी 1927 मध्ये मशीन टूल तपासायच्या ज्या चाचण्या मांडल्या, त्या आपल्याकडे डिप्लोमाच्या पोरांनाही शिकवतात. तिथे या काटकोनाची मर्यादा 300 मिमीला 0.02 मिमी अशी धरतात. हौशी मशीनवर त्याच्या दुप्पट सोडा हवं तर. पण मोजल्याशिवाय सोडलं किती, हे कळणार कसं?

तिसरा मुद्दा शीतपेयाच्या कॅनच्या पत्र्याचा. हा मात्र अर्धा खरा आहे, मान्य करावंच लागतं. पुढे-मागे झुकलेला कॉलम, म्हणजे मशीनचा उभा खांब, शिम (पातळ पट्टी) घालूनच सुधारतो आणि तो पत्रा साधारण 0.1 मिमीचा असतो. पण मेसेज म्हणतो ‘हेडच्या मागे घाला, जमेपर्यंत वाढवत जा’. हेड, म्हणजे स्पिंडल असलेला आणि कॉलमवर वरखाली सरकणारा भाग, आणि कॉलमच्या मध्ये शिम घातलं की स्पिंडल टेबलाला काटकोनात येईल, पण हेड ज्या रेषेत वरखाली होतं तिच्याशी तो समांतर राहणार नाही. मग सेंटर शोधून, हेड वर घेऊन ड्रिल लावलं की भोक बाजूला पडतं. शिम कॉलमच्या बुडाशी, आणि जाडी हिशेबाने: 140 मिमीवर 0.07 चूक असेल आणि बोल्टांमध्ये 100 मिमी अंतर असेल, तर 0.05.

चौथा मुद्दा ‘नाहीतर सरळ नवा कॉलम मागवा’. कॉलमला तडा असेल किंवा डव्हटेल (हेड सरकतं तो तिरक्या कडांचा मार्ग) खाल्लं असेल तर जरूर मागवा. भाच्याच्या मशीनचा मागचा मोठा नट सोडून कॉलम उतरवला, तर बैठकीवर रंगाचा नखाएवढा पापुद्रा चिकटलेला. पातीने खरवडला, तेलाचा हात मारून कॉलम परत बसवला, नट अर्धवट आवळून डायलवर जुळवला. पूर्ण आवळताना काटा पुन्हा हलला, म्हणून तीनदा करावं लागलं. शेवटी 15 मायक्रॉन. नवा कॉलम आणला असता तर तोही त्याच पापुद्र्यावर बसला असता.