घोडामैदान लांबच बरं

तुमच्या हातात एखादं रेसकोर्स असेल आणि 'नवे लोक येतच नाहीत हो' असं तुम्ही दर बैठकीत कपाळाला हात लावून म्हणत असाल, तर पुढचं जरा नीट वाचा. मी ट्रेनर नाही, मालक नाही, घोड्यावर बसवलंत तर दुसऱ्या बाजूने खाली येईन. पण बरीच वर्षं रेस बघतोय, आणि परवाच भाचीला पहिल्यांदा रेसकोर्सवर घेऊन गेलो होतो. नव्या माणसाचं स्वागत कसं करावं याचं एक पूर्ण शास्त्रच तिथे पाहायला मिळालं. ते तुमच्यासाठी फुकट लिहून काढतोय.

सुरुवात रेसबुकापासून करा. आत शिरणाऱ्याच्या हाती पडणारी ही पहिली वस्तू, तेव्हा ती उघडताच त्याला आपली पायरी कळली पाहिजे. घोड्याच्या नावापुढे ३१०-२पी४ असं काहीतरी छापा आणि गप्प बसा. आडवी रेघ म्हणजे वर्ष बदललं, पी म्हणजे जॉकीने घोडा मध्येच थांबवला, शून्य म्हणजे दहावा किंवा त्याच्याही मागे, आणि ताजा निकाल उजव्या टोकाला, यातलं एक अक्षर सांगू नका. वय छापा, पण उत्तर गोलार्धातले थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचे घोडे, १ जानेवारीला आणि ऑस्ट्रेलियातले १ ऑगस्टला, जन्मतारीख कुठलीही असो, सगळे एकदमच एका वर्षाने मोठे होतात, ही गंमत मात्र पोटात ठेवा. पोरांना असलं काही कळलं तर ती हसतील, आणि हसली तर पुन्हा येतील.

हँडिकॅपचंही तसंच. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे शेवटच्या खांबापाशी सगळे जवळजवळ एकत्र यावेत. संपली गोष्ट, एका वाक्यात. हे वाक्य एकदा कानावर पडलं की नवखा माणूस वजनाच्या रकान्याकडे चवीने बघायला लागतो, मनातल्या मनात हिशेब मांडतो, शेजाऱ्याशी वाद घालतो. असा धोका कशाला पत्करायचा? ते वाक्य छापू नका.

अंतर फर्लांगातच सांगा. फर्लांग म्हणजे २२० यार्ड, साधारण २०१ मीटर. आता कुणाला ठाऊक नसतं, म्हणून तर वापरायचा.

पोशाखाचे नियम कडक ठेवा आणि स्वच्छतागृहाच्या पाट्या ढिल्या.

पॅडॉक लपवा. हे महत्त्वाचं आहे. रेस सुटण्याआधी घोडे जिथे गोल फिरवतात ती ही जागा. इथे घोडा हाताच्या अंतरावरून दिसतो. कुणाच्या मानेला घाम फुटलाय, कुणाचे कान पुढे टवकारलेत, कोण मोतद्दाराला ओढत नेतोय, कोण शांत पावलं टाकतोय, सगळं दिसतं. ज्याला घोड्यातलं काही कळत नाही त्यालाही इथे दोन मिनिटांत एक घोडा आवडतो, आणि एकदा घोडा आवडला की माणूस कामातून गेला. म्हणून तिथे जायचा रस्ता सभासदांच्या दारातूनच ठेवा. परवा आम्ही तीन ठिकाणी विचारून पोहोचलो आणि नको तेच झालं. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक काळपट घोडी भाचीकडे बघून थबकली. "मामा, हिचं नाव काय?" झालं. त्या क्षणापासून तिच्यासाठी त्या मैदानात दुसरा घोडा नव्हता.

दोन रेसांच्या मध्ये चांगला अर्धा तास असतो. तेवढ्यात मोठ्या पडद्यावर भलत्याच शहरातल्या रेस दाखवा, आवाज बंद करून.

आता पैशांचं. खिडकीवर विन, प्लेस, क्विनेला, ट्रायफेक्टा अशा पाट्या लावा आणि आत असा माणूस बसवा ज्याला प्रश्न आवडत नाहीत. मागच्या रांगेतल्या जाणकारांनी सुस्कारे टाकले तर उत्तमच. आणि टोटच्या भावाबद्दल तोंड उघडू नका. जोसेफ ओलेर या माणसाने १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये ही युक्ती काढली. सगळ्यांचे पैसे एका ढिगात, त्यातून भरवणाऱ्याचा वाटा बाजूला, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. म्हणजे शेवटचं तिकीट फाटेपर्यंत भाव पक्का नसतो. पूर्वी शेवटचं तिकीट तुमच्यामाझ्यासारखा कुणीतरी धापा टाकत फाडायचा. हल्ली कॉम्प्युटर घेऊन बसलेले मोठे गट अगदी शेवटच्या सेकंदांत ढिगात पैसे ओततात, त्यामुळे गेट उघडताना फलकावर आठचा भाव, म्हणजे एका रुपयाला आठ, असतो आणि घोडे वळणावर येईपर्यंत त्याचा पाच झालेला असतो. नव्या माणसाला वाटतं, रेस सुटल्यावर कुणीतरी हात मारला. तसं नाही हे त्याला सांगता येईल, फलकावर दोन ओळींत सांगता येईल. पण मग त्याचा विश्वास बसेल ना!

यानंतर मुख्य सल्ला, निकालाबद्दल. निकाल जाहीर करणं टाळता येत नाही हे दुर्दैव. पण तो का लागला हे न सांगणं तर आपल्या हातात आहे.

ती काळपट घोडी पहिली आली. मानेच्या अंतराने. भाचीने शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली, त्या बाईंनीही मारली. मला वाटलं, चला, एक माणूस मिळाला या खेळाला. तेवढ्यात फलकावर लाल अक्षरं लागली, एन्क्वायरी, म्हणजे निकालाची चौकशी. स्पीकरवर कुणीतरी घशात बोलल्यासारखं काहीतरी बोललं. मग शांतता. मोठ्या पडद्यावर गाडीची जाहिरात. आम्ही उभे. पुन्हा तीच जाहिरात. मग एकाएकी फलकावरचे नंबर बदलले आणि घोडी पहिलीची तिसरी झाली. "मामा, काय केलं तिने?" मी सांगितलं की बहुधा शेवटच्या फर्लांगात ती आत झुकली असेल, मागच्या घोड्याची वाट अडली असेल. बहुधा. असेल. एवढी वर्षं रेस बघणारा मी, आणि मलाही अंदाजच करायचा होता, कारण समोरून घेतलेलं चित्रण, जे रेसच्या पंचांनी म्हणजे स्टुअर्ड्‌सनी वर बसून नक्कीच चारदा पाहिलं, ते खाली उभ्या माणसांना एकदाही दाखवलं नाही. भाची खिडकीपाशी जाऊन विचारायला लागली तर आतून उत्तर आलं, "पुढच्या रेसचं तिकीट हवंय का?"

क्रिकेटमध्ये तिसरा पंच काय बघतोय ते अख्ख्या मैदानाला दिसतं. चेंडू कुठे पडला, बॅटची कड लागली की नाही, सगळं. रग्बीत रेफ्री काय बोलतो ते घरी बसून ऐकू येतं. निकाल विरुद्ध गेला तर लोक शिव्या घालतात, पण काय झालं ते त्यांना कळलेलं असतं. आणि इथे? इथे माणसाने खिशातले पैसे लावलेले असतात आणि त्यालाच खुलासा द्यायचा नाही!

मोठ्या मैदानांवर तरी काही वेगळं असेल असं समजू नका. २०१९ च्या केंटकी डर्बीत, अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या रेसमध्ये, मॅक्सिमम सिक्युरिटी हा घोडा पहिला आला. दीड लाखावर लोक मैदानात, त्याहून कितीतरी घरी टीव्हीसमोर. जॉकींनी हरकत घेतली, स्टुअर्ड्‌स तब्बल २२ मिनिटं चित्रण बघत बसले आणि शेवटी त्याला खाली उतरवून ६५ ला १ भावाच्या कंट्री हाउसला पहिला ठरवलं. निर्णय बरोबर की चूक यावर अजून भांडणं होतात, होऊ देत. पण त्यानंतर त्यांनी काय केलं? लेखी निवेदन वाचलं आणि एकही प्रश्न न घेता निघून गेले. वर्षातून एकदाच रेस बघणारी जी माणसं त्या दिवशी टीव्हीसमोर होती, नेमकी तीच तुम्हाला हवी आहेत ना? त्यांच्या तोंडावर दार लावलंत.

आणि २०२१? मेडिना स्पिरिट १ मेला डर्बी जिंकला. मग त्याच्या रक्तात बीटामेथासोन हे सूज कमी करणारं, रेसच्या दिवशी न चालणारं औषध सापडलं. चौकशी, वकील, पुन्हा चौकशी. डिसेंबरमध्ये सराव करताना तो घोडा कोसळून मेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचं जेतेपद काढून मँडालूनला दिलं. वरातीमागून घोडं ऐकलं होतं. इथे घोडा गेल्यावर अडीच महिन्यांनी निकाल आला. ज्यांनी मँडालून पहिला येईल म्हणून पैसे लावले होते त्यांना टोटने काही दिलं नाही, कारण हिशेब त्या दिवशीच मिटला होता. पटवून सांगा हे एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोरीला. मी प्रयत्न केला.

बरं. शांत होतो. सल्ला चालू ठेवू.

नायक तयार झाला की त्याला लगेच घरी पाठवा. जस्टिफाय २०१८ मध्ये पहिल्यांदा धावला, १११ दिवसांत सहा रेस, सहाही जिंकल्या, अमेरिकेचा ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथल्या तीन मोठ्या रेसांचा मान, घेतला आणि पुन्हा कधी मैदानावर दिसला नाही. पैदाशीत पैसा जास्त. लोकांना नाव नीट पाठ व्हायच्या आत घोडा निवृत्त! उलट ऑस्ट्रेलियाची विंक्स बघा. २०१९ पर्यंत धावत राहिली, ओळीने ३३ रेस जिंकली, आणि ज्यांना रेसमधलं ओ की ठो कळत नाही ते तिच्यासाठी मैदानात यायला लागले. असला प्रकार आपल्याकडे होऊ द्यायचा नाही.

जपानच्या कोची शहरातल्या हारू उरारापासून तर चार हात लांबच राहा. ही घोडी ११३ वेळा धावली आणि एकदाही जिंकली नाही. तिथलं रेसकोर्स कर्जात बुडालेलं, बंद पडायच्या बेतात. तिथल्या माणसांनी काय करावं? घोडीची गोष्ट सांगितली. बस. देशभरातून लोक आले, हरण्याची खात्री असलेल्या घोडीवर पैसे लावून तिकीट ताईत म्हणून घरी नेलं. २००४ मध्ये युताका ताके हा जपानचा सर्वांत मोठा जॉकी तिच्यावर बसला, तरी ती मागेच राहिली, आणि लोक तरीही खूश. रेसकोर्स तरलं. एक सतत हरणारी घोडी, आणि तिच्याबद्दल बोलायला तयार असलेली चार माणसं, एवढ्यावर! तुमच्याकडे तर जिंकणारेही आहेत.

हाँगकाँगलाही जाऊ नका. तिथे प्रत्येक घोड्याच्या दुखण्याची नोंद, सराव, टप्प्याटप्प्याच्या वेळा, सगळं कुणालाही फुकट वाचायला मिळतं. लोकांवर असा विश्वास टाकायची सवय बरी नव्हे.

आणि घोडा पडला तर? त्याला झाकायला हिरवे पडदे तयार असतातच. पटकन लावा. स्पीकरवर पुढच्या रेसची वेळ सांगा.

नाही. इथे मात्र मला थट्टा जमत नाही. परवा पाचव्या रेसमध्ये एक घोडा वळणावर पाय मोडून थांबला. पडदे आले, गाडी आली, आणि भाची विचारत राहिली, "तो बरा होईल ना?" कुणीही काही सांगितलं नाही. नावसुद्धा पुन्हा घेतलं नाही. घोड्याचं वजन पाचशे किलोच्या आसपास. एक पाय मोडला की सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो, खुराच्या आत सूज धरते, आडवं ठेवून महिनोन्‌महिने बरं करता येत नाही. म्हणून बहुतेकदा त्याला तिथेच शेवटचं इंजेक्शन देतात. हे मोठ्या माणसाला सांगता येतं. एकोणीस वर्षांच्या मुलीलाही सांगता येतं. मी घरी जाताना सांगितलं, ती रडली, पण ऐकून घेतलं. तिला राग पडद्यांचा आला. २०२३ मध्ये चर्चिल डाउन्सवर, म्हणजे केंटकी डर्बीच्याच मैदानावर, काही आठवड्यांत १२ घोडे गेले आणि जूनमध्ये उरलेल्या रेस दुसऱ्या मैदानावर हलवाव्या लागल्या, तेव्हाही लोक हेच विचारत होते: काय होतंय ते सांगाल का?

तुम्ही दर वर्षी सल्लागार नेमता. ते येऊन संगीताची मैफल ठेवा म्हणतात, टोप्यांची स्पर्धा ठेवा म्हणतात, फोटो काढायला फुलांची कमान उभारा म्हणतात. लोक येतात, कमानीपाशी फोटो काढतात, घोड्यांकडे पाठ करून उभे राहतात आणि जातात. मग तुम्ही म्हणता, तरुणांना रेसमध्ये रस नाही. अहो, तुम्ही त्यांना रेस दाखवलीच कुठे? पॅडॉकचं दार उघडायला किती खर्च येतो? रेसबुकात अर्धं पान खुलासा छापायला? एन्क्वायरी चालू असताना जाहिरात बंद करून ते चित्रण पडद्यावर लावायला, आणि स्टुअर्ड्‌सपैकी एकाने माईक हातात घेऊन 'सहा नंबरने चार नंबरची वाट अडवली म्हणून' एवढं म्हणायला? पडलेल्या घोड्याचं नाव घेऊन संध्याकाळपर्यंत त्याची खबर द्यायला? यातलं काहीही करायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. तुम्ही करत नाही, कारण ज्याला आधीपासून सगळं कळतं तोच तुम्हाला गिऱ्हाईक वाटतो आणि ज्याला कळत नाही तो अडचण. तो जाणकार म्हातारा होत चाललाय, माझ्यासारखा. भाचीने विचारलंय की त्या काळपट घोडीची पुढची रेस कधी आहे. मी तुमच्या कचेरीत फोन केला होता. उचलला नाहीत.