शाहिरांची आण घालून रॅपला झोडपू नका

गेले काही महिने एक मजकूर फिरतोय. मला तो चार ग्रुपवर आला, त्यातला एक आम्हा शिक्षकांचाच. त्याचं सार असं: रॅप हे अमेरिकेतलं पार्टीचं गाणं, राजकारण त्यात मागाहून घुसडलं. शिव्या, बंदुका आणि बायकांची हेटाळणी सोडून त्यात काही नाही. समाजाचं दुखणं मांडलं ते आपल्या शाहिरांनी, आताची पोरं नुसती नक्कल करतात. आणि असल्या गाण्यांनी आजवर काही बदललेलं नाही.

मी पोवाडे ऐकत वाढलो, वर्गात पोवाडा शिकवतो. म्हणूनच शाहिरांचं नाव पुढे करून केलेलं हे बोलणं मला लागलं.

पार्टीचं गाणं, हे अर्धं खरं आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत कूल हर्क नावाच्या, जमैकात जन्मलेल्या पोराने रेकॉर्ड वाजवल्या. रॅपची सुरुवात याच पार्टीपासून मानतात. पार्टी ठरवली होती त्याच्या बहिणीने. शाळा सुरू होणार होत्या, नव्या कपड्यांना पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. पण तेव्हाचं ब्राँक्स कसं होतं? महामार्ग घालून वस्त्या मधोमध चिरलेल्या, आणि विम्याच्या पैशासाठी काही घरमालक आपल्याच इमारती पेटवून देत होते. राजकारण त्या मुलांच्या दारात आधीच येऊन बसलं होतं. गाण्यात यायला त्याला काही वर्षं लागली, इतकंच.

ते कसं आलं हे पाहायचं तर १९८२ चं ‘द मेसेज’ ऐका. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचं. सगळीकडे फुटक्या काचा, जिन्यात लघवी करणारे लोक, पुढच्या खोलीत उंदीर, मागच्या खोलीत झुरळं. तिथे राहवत नाही आणि निघून जायला पैसे नाहीत. शेवटच्या कडव्यात त्या गटातला मेली मेल एका पोराचं सगळं आयुष्य सांगतो: वस्तीत जन्म, गल्लीतल्या दलालांचं आणि जुगाऱ्यांचं कौतुक वाटणारं बालपण, सुटलेली शाळा, चोरी, तुरुंग, आणि कोठडीत गळफास. एकाही पुढाऱ्याचं नाव नाही, एकही घोषणा नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तिच्यात हे गाणं आहे. मागाहून घुसडलेलं राजकारण असं दिसत नाही.

आता शिव्या. बायकांबद्दल रॅपमध्ये जे बोललं गेलं त्यातलं पुष्कळ घाणेरडं आहे, मी त्याची बाजू घेणार नाही. पण त्याला सगळ्यात खणखणीत उत्तर रॅपमधूनच आलं. १९९३ मध्ये क्वीन लतीफा या रॅपरने ‘युनिटी’ या गाण्यात रस्त्यावर छेड काढणाऱ्याला आणि घरात हात उगारणाऱ्याला सुनावलं, थेट विचारलं, ‘कुत्री कुणाला म्हणतोस?’ त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. हे त्या मजकुरात कुठेच नाही.

पोलिसांना दिलेल्या शिव्यांचं म्हणाल तर तारखा बघा. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या एन.डब्ल्यू.ए. या गटाने १९८८ मध्ये पोलिसांविरुद्ध गाणं काढलं, सरळ शिवी घालून. ऑगस्ट १९८९ मध्ये एफबीआयच्या अधिकाऱ्याने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र पाठवलं. ३ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यात लाठ्यांनी झोडपलं आणि एका रहिवाशाने ते बाल्कनीतून कॅमेऱ्यात टिपलं. पोरं तीन वर्षं हेच ओरडून सांगत होती.

नक्कल हा आरोप मला सगळ्यात जास्त सलतो. अण्णाभाऊ साठ्यांनी स्तालिनग्राडवर पोवाडा लिहिला. हजारो मैलांवरच्या रशियन शहराची झुंज मुंबईच्या गिरणगावात डफावर गायली गेली. तेव्हा विषय परका होता आणि बाज आपला. आता बाज परका आहे आणि विषय आपला. पोवाडा तरी एका जागी कुठे थांबला? अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर गायलेला तो पोवाडाच, आणि १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी त्याच पोवाड्यात शिवाजी महाराजांना कुळवाडी रयतेचा राजा केलं. मुंबईच्या स्वदेसी या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर गाणं केलं, तेव्हा तिथल्याच पाड्यावरच्या प्रकाश भोईरांना सोबत घेतलं. रॅपच्या शेजारी वारली सूर. ही कुणाची नक्कल?

माझ्या वर्गात आठवीतला एक मुलगा आहे. निबंधाला चार ओळींवर जात नाही. मधल्या सुट्टीत मित्र बाकावर कंपासपेटी वाजवत होता आणि हा म्हणत होता:

‘अडीचला येतो टँकर, हंडा आमचा चाळिसावा,
आई थांबते, मी थांबतो, अभ्यास कधी व्हावा?’

पुढे रांगेत जागा धरायला ठेवलेल्या विटा होत्या, जादा पैसे घेऊन आधी पाणी सोडणारा टँकरवाला होता, नावासकट. मी दाराशी उभा राहून ऐकलं. हे यमक मी शिकवलेलं नव्हतं.

राहिला शेवटचा मुद्दा. गाण्याने सरकार पडतं असं मी म्हणत नाही. स्वदेसीचं गाणं आलं त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, आरेतली दोन हजारांवर झाडं पडली. पण ज्यांच्यावर गाणं होतं ते त्याला किती घाबरतात, ते बघा. ट्युनिशियात एल जनरल या तरुण रॅपरने राष्ट्राध्यक्ष बेन अलींना उद्देशून गाणं केलं, तर ६ जानेवारी २०११ ला पोलिसांनी त्याला घरातून उचललं. १४ तारखेला बेन अली देश सोडून पळाले. आणि लांब कशाला जायचं? ऑगस्ट २०२२ मध्ये ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा विरोधी आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभं राहून देत होते, सगळ्या वाहिन्यांवर दिसत होती. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने तेच पन्नास खोके यमकात बांधले. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. तरी अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. त्याच सुमाराला मुंबईत वडाळ्याच्या उमेश खाडेवरही त्याच्या रॅपसाठी गुन्हा नोंदवला गेला.

हे मी त्या मुलाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘सर, टँकरवाल्याचं नाव काढू का?’ आम्ही अजून ठरवलेलं नाही.