भानू अथैय्या आणि चांदोबातली चित्रं

तुमच्या लेखात शेवटी वाचकांना विचारलंय की तुमच्या कामावर कशाचा प्रभाव पडला, तर माझी उत्तरं दोन, चांदोबा हे मुलांचं मासिक आणि सिनेमाच्या वेशभूषाकार भानू अथैय्या. मी हौशी नाटकांचे कपडे शिवते. लहानपणी विक्रम-वेताळची गोष्ट नंतर वाचायचे, आधी चांदोबाचे चित्रकार शंकर यांचं ते चित्र कितीतरी वेळ बघत बसायचे, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, अंगावर राजाचा थाट, असले कपडे खरंच शिवता येतील का एवढंच डोक्यात असायचं. मग आम्रपाली (१९६६) हा सिनेमा बघितला आणि येतात हे कळलं! आपल्या कोल्हापूरच्या भानूताईंनी त्यासाठी अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेतला होता. गांधी सिनेमासाठी १९८३ ला ऑस्कर मिळालं ते सगळे सांगतात, सांगायलाच हवं, पण माझ्या मते कल्पनाशक्ती बघायची तर आम्रपालीच. सध्या बालनाट्यातल्या यक्षिणीसाठी भाड्याचं चकचकीत सॅटिन न घेता अजिंठ्यात दिसतं तसं पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड घेतलंय, कमरेला घट्ट गुंडाळून पुढे निऱ्या सोडल्या की लाईटमध्ये काय सुंदर दिसतं ते! मराठी रंगभूमीच्या वेशभूषाकारांवरही असंच सविस्तर लिहा ना प्लीज, त्यांच्याबद्दल फारच कमी वाचायला मिळतं.