‘उन्हात काहीच दिसत नाही, फसवणूक आहे’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला आणि सोबतचा फोटोही मोठा करून पाहिला. तुमचं म्हणणं असं की, आमच्याकडून मॅट स्क्रीन गार्ड घेतला, ब्राइटनेस पूर्ण ठेवला, तरी भर उन्हात एक अक्षर दिसत नाही. थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप मंद होते आणि गॉगल घातला तर काळीच पडते. दिवसभर बाहेर उभं राहून नोंदी घेणाऱ्या माणसाचं यामुळे कामच अडतं, म्हणून तुमचा राग समजतो. फसवणूक हा शब्द मात्र मान्य नाही. तुमच्या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातली एकच गार्डशी जोडलेली आहे.

आधी तीच घेऊ. मॅट गार्डचा पृष्ठभाग अगदी बारीक खडबडीत असतो. घरात डोक्यावरची ट्यूब साध्या काचेत लख्ख दिसते, मॅटवर ती पसरून फिकी होते. गार्ड त्यासाठीच आहे आणि विक्रीच्या पानावर पहिल्याच ओळीत ‘घरात, ऑफिसात आणि सावलीत वापरण्यासाठी’ असं लिहिलेलं आहे. थेट ऊन पडलं की हाच गुण आड येतो. ऑफिसात टेबलावर साधारण 300 ते 500 लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड असतो, तर भर दुपारच्या उन्हात 1,00,000 लक्सच्या आसपास. त्यातला शंभरातला एक भाग जरी गार्डने चहूकडे विखुरला, तरी पूर्ण स्क्रीनवर सुमारे 300 निटचा (निट म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या चमकीचं माप) पांढरट थर चढतो. तुमच्या फोनची स्क्रीन 500 निटची धरली, तर पांढऱ्या जागी 800 आणि काळ्या जागी 300. म्हणजे दोहोंत तिपटीचाही फरक उरत नाही. तुमच्या फोटोत अक्षरं राखाडी दिसतात ती यामुळेच.

मग साधी गुळगुळीत काच बरी का? उन्हात हो, पण ती धरायची कशी ते कळायला हवं. काच समोरच्या दृश्यातला साधारण 4 टक्के उजेड परत फेकते, पण एकाच दिशेला. त्यामुळे तिच्यात काय दिसतंय यावर सगळं ठरतं. बहुतेक वेळा तिच्यात आपण स्वतःच दिसत असतो. उन्हात उभ्या माणसाच्या पांढऱ्या शर्टाची चमक 25,000 निटच्या घरात जाते. तिचे 4 टक्के म्हणजे 1,000 निट, स्क्रीनच्या स्वतःच्या उजेडाच्या दुप्पट. त्याच जागी गडद रंगाचा शर्ट असेल तर हाच आकडा शंभराच्याही खाली येतो. आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो, कारण याला काही खर्च नाही आणि फरक लगेच दिसतो. उन्हाकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे तुमची सावलीतली बाजू काचेत येईल. मग स्क्रीन थोडी थोडी कलती करून पाहा. एका ठिकाणी अक्षर एकदम उठून दिसतं. काच पुसत चला, कारण बोटांचा तेलकटपणा मॅटसारखाच उजेड विखुरतो. आणि काळ्या पार्श्वभूमीचा डार्क मोड बाहेर बंद ठेवा. उन्हात पांढऱ्यावर काळी अक्षरंच वाचता येतात.

तुमच्या फोटोत वरची पट्टी खाली ओढलेली आहे. त्यात ब्राइटनेस पूर्ण उजवीकडे आहे, पण ऑटो ब्राइटनेस बंद दिसतो. बऱ्याच फोनांत सर्वांत जास्त उजेडाची पातळी ऑटो चालू असतानाच, सेन्सरला ऊन जाणवल्यावर मिळते. हाताने पट्टी कितीही सरकवली तरी तिथपर्यंत पोहोचता येत नाही. ऑटो चालू करून उन्हात काही क्षण थांबून पाहा. सेन्सर वरच्या कडेला असतो, तो गार्डने किंवा कव्हरने झाकलेला नाही ना, तेही बघा.

स्क्रीन आपोआप मंद होते, ती तापल्यामुळे. फोन स्वतःला वाचवायला आधी उजेड कमी करतो. ॲपलसारखी कंपनीही आयफोनसाठी भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश सेल्सियस सांगते आणि उन्हात ठेवलेला फोन त्यापुढे सहज जातो. वापरात नसताना तो सावलीत ठेवा, उन्हात चार्ज करू नका, जाड कव्हर काढा. यावर कुठल्याही गार्डचा उपाय नाही.

आणि गॉगल. तुमचा गॉगल पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड आत सोडणारा असणार. एलसीडी स्क्रीनचा उजेड एकाच दिशेने कंप पावणारा असतो. गॉगलची काच त्याला आडवी आली की तो जवळजवळ पूर्ण अडतो. गॉगल घालूनच फोन हळूहळू उभ्याचा आडवा करा. कुठल्या तरी कोनात स्क्रीन उजळेल. सारखा त्रास होत असेल तर बाहेरच्या कामाला साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगल घ्या.

आता गार्डचं काय करायचं ते. तुमचा दिवस उन्हातच जातो, त्यामुळे हा मॅट गार्ड तुमच्या कामाचा नाही. तो काढून पाठवा, काढताना फाटला तरी चालेल. बदली म्हणून परावर्तन कमी करणारा लेप असलेला पारदर्शक गार्ड देऊ. चांगल्या लेपाने 4 टक्क्यांचं परावर्तन 1 टक्क्याच्या खाली येतं. पैसे परत हवे असतील तर पैसे देऊ. तुमच्या फोनचं मॉडेल मात्र कळवा. पूर्वी कुठे डिस्प्ले बदलून घेतला असेल तर तेही लिहा, कारण काच आणि तिच्याखालचं चित्र दाखवणारं पॅनेल यांच्यात हवेची फट राहिली असेल तर आणखी दोन पृष्ठभाग उजेड परत फेकतात आणि वरून लावलेला कुठलाही गार्ड तिथपर्यंत पोहोचत नाही. तसं असेल तर गार्ड पाठवण्याआधी आम्ही तुमच्याशी बोलून घेऊ.