याकोब गेला, पेत्र सुटला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची कॉमेंट आठ दिवसांपूर्वी आली. मी ती त्याच रात्री वाचली आणि लगेच रिप्लाय टाइप करायला घेतला, चांगला मोठा लिहूनही झाला होता, आणि मग सगळा पुसून टाकला, कारण परत वाचल्यावर कळलं की मी तुमच्याशी बोलतच नव्हते, नुसती भांडत होते. म्हणून उशीर झाला, राग मानू नका.

ज्यांनी ती कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी आईच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं होतं, की आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, ऑपरेशन नीट पार पडलं, "देव विश्वासू आहे, त्याने ऐकलं". त्यावर तुम्ही लिहिलंत की तुमच्या भावासाठीही घरच्यांनी आणि मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) लोकांनी रात्र रात्र जागून प्रार्थना केली होती, तरी तो गेला, मग देवाचं माझ्या आईवर जास्त प्रेम होतं का? वर एका वडीलधाऱ्या माणसाने तुम्हाला सुनावलं की तुमचा विश्वास कमी पडला. दुसरं, ज्या डॉक्टरांनी तासन् तास उभं राहून ऑपरेशन केलं त्यांचा माझ्या पोस्टमध्ये उल्लेखसुद्धा नाही. आणि तिसरं म्हणजे श्रद्धा ही डोकं बंद ठेवायची सोय आहे, चांगलं झालं की देवाची कृपा, वाईट झालं की देवाची योजना, म्हणजे देव कुठूनही पासच.

डॉक्टरांचं आधी उरकते कारण त्यात वादच नाही. चूक माझी. बायबलच्या नव्या करारातला लूक स्वतः वैद्य होता, प्रेषित पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो, आणि हिज्कीया राजा मरायला टेकला होता तेव्हा यशया संदेष्ट्याने प्रार्थनेसोबत गळवावर अंजिरांचा लेप पण लावायला सांगितला होता. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी, असं मी मानत नाही, कधीच मानलं नाही, तरी लिहिताना डॉक्टर गळले. गळले म्हणजे काय, साक्ष, म्हणजे देवाने काय केलं ते सांगणं, जास्त चमकावी म्हणून मीच गाळले.

आणि अजून कोणीतरी गाळलं होतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

त्या दिवशी थिएटरबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या, त्यांचा नवरा आत होता. माझा फोन बंद पडायला आला होता, तर त्यांनी न मागता पर्समधून चार्जर काढून दिला आणि परत डोळे मिटून बसल्या, ओठ हलत होते. कुठल्या देवाला हाक मारत होत्या माहीत नाही, पण माझ्यापेक्षा मनापासून मारत होत्या एवढं दिसत होतं. मी आईचा चष्मा हातात घेऊन त्याची काडी उघड-मीट करत बसले होते. दुपारी दार उघडलं, आधी त्यांना बोलावलं. दोन मिनिटांत आतून जो आवाज आला त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. अर्ध्या तासाने मला बोलावलं आणि सिस्टर हसून म्हणाल्या, सगळं नीट झालं. त्या गडबडीत त्यांचा चार्जर माझ्याकडेच राहिला, अजून आहे. पोस्टमध्ये आईचा चष्मा आला, सिस्टरचं हसणं आलं, त्या बाई मात्र कुठेच नाहीत. त्यांना लिहिलं असतं तर "त्याने ऐकलं" ही ओळ मला लिहिता आली नसती.

म्हणजे तुमचा प्रश्न मला आधीच माहीत होता, मी फक्त तो झाकून ठेवला होता.

आता तुमच्या भावाबद्दल. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 12. कितीदा ऐकलाय मी हा अध्याय, आणि दर वेळी येशूचा शिष्य पेत्र ह्याची गोष्ट म्हणूनच. हेरोद राजा पेत्राला तुरुंगात टाकतो, पहाऱ्यावर सोळा शिपाई, दोन साखळ्यांनी बांधलेला, मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करतेय, रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. मस्त गोष्ट आहे. पण त्याच अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात, एका ओळीत, अजून एक माणूस आहे. योहानाचा भाऊ याकोब, त्याला हेरोदाने तलवारीने मारलं. झालं, एवढंच. देवदूत नाही, दरवाजा नाही. तो पण बारा शिष्यांतला, पेत्राइतकाच येशूच्या जवळचा, आणि त्याच्यासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल हे मला तरी पटत नाही. एक सुटला, एक गेला, आणि का, ते लिहिणाऱ्याने कुठेही सांगितलेलं नाही. "योहानाचा भाऊ" हे दोन शब्द तुमची कॉमेंट वाचेपर्यंत मला कधी खुपलेच नव्हते. योहान त्या रात्री कुठे होता, पेत्र सुटल्याची बातमी ऐकून त्याला आनंद झाला की अजून काही, ह्याबद्दल पुस्तक गप्प आहे. "देव प्रीती आहे" हे वाक्य ज्या पत्रात येतं ते परंपरेने ह्याच योहानाचं मानतात, हे मी तुम्हाला उत्तर म्हणून सांगत नाहीये, फक्त मला ते आता पूर्वीसारखं सोपं वाटत नाही.

"विश्वास कमी पडला" म्हणणाऱ्या त्या माणसाचा मात्र मला खरंच राग आला. त्यांना म्हणावं तोच अध्याय पुढे वाचा. सुटलेला पेत्र थेट त्या घरी जातो जिथे लोक त्याच्याचसाठी प्रार्थना करत जमलेत, दार ठोठावतो, रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळत सुटते, पेत्र दाराशी आला आहे म्हणून सांगते, आणि आत प्रार्थना करणारे काय म्हणतात, तर तू वेडी आहेस. हा त्यांचा विश्वास! आणि तरी पेत्र बाहेर उभा होता. ज्या पौलाच्या अंगावरची फडकी नेऊन ठेवली तरी आजारी बरे व्हायचे असं लिहिलंय तोच पौल आपला सहकारी तीमथ्य ह्याला कळवतो की सोबतच्या त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. स्वतःच्या "शरीरातल्या काट्या"साठी, म्हणजे कसल्यातरी न सुटणाऱ्या त्रासासाठी, त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. आणि गेथशेमाने बागेत येशूने स्वतः बापाला सांगितलं की हा प्याला माझ्यावरून टळो, तो टळला नाही. आता ह्यात कुणाचा विश्वास कमी पडला ते सांगा म्हणावं. इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात विश्वासवीरांची यादी आहे, त्यात तलवारीपासून वाचलेले पण आहेत आणि तीनच वचनांनंतर तलवारीने मेलेले पण आहेत, दोघेही विश्वासानेच.

तर नाही, माझ्या आईवर देवाचं जास्त प्रेम नव्हतं. आणि मग तुमचा भाऊ का गेला, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, कोणी देत असेल तर त्याच्यापासून जरा लांब राहा.

डोकं बंद ठेवण्याबद्दल थोडं वाद घालते, चालेल ना? दीडशे स्तोत्रं आहेत बायबलमध्ये आणि त्यातली कितीतरी सरळ सरळ तक्रारी आहेत. तेराव्यात दोनच वचनांत चार वेळा "कोठवर" येतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी "पण देव चांगला आहे" अशी सारवासारव करणारी ओळसुद्धा नाही, आणि तरी ते गाण्यांच्या पुस्तकात ठेवलंय. बायबलमधल्या ईयोबाने मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरोबर केलं, आठव्या दिवसापासून जे देवाची बाजू मांडायला लागले ते पानंच्या पानं थांबेनात. आणि शेवटी देव रागावतो तो ह्या वकिलांवर, तुम्ही माझा सेवक ईयोब ह्याच्यासारखं माझ्याविषयी खरं बोलला नाहीत म्हणून. म्हणजे ज्याने तोंडावर भांडण काढलं तो खरा ठरला. माझी मागची पोस्ट ह्या मित्रांच्या जातकुळीतली होती असं आता वाटतं.

"योजना" ह्या शब्दाबद्दल तुमचं बरोबर आहे, फार स्वस्त झालाय तो. भावांनी खड्ड्यात टाकून विकलेल्या योसेफाची गोष्ट सगळे देतात, भावांनी वाईट योजलं पण देवाने चांगल्यासाठी योजलं. पण हे कोण बोलतंय आणि कधी? योसेफ स्वतः, स्वतःच्या आयुष्याबद्दल, सतराव्या वर्षी विकला गेल्यावर पार बाप वारल्यानंतर. तो खड्ड्यात पडलेला असताना वरून वाकून कोणी त्याला हे ऐकवलं नव्हतं.

मग तरी मी का मानते? खरं सांगू, लॉजिकने तुम्हाला पटवू शकेन असं वाटत नाही. पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ, इतक्या उघडपणे तो सगळं एकाच गोष्टीवर लावतो, आणि मी पण तिथेच लावलंय. ज्या देवाने स्वतः वधस्तंभावरून "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे म्हटलं, त्याच्यापुढे मी रडू शकते, चिडू शकते. नुसत्या वर बसून योजना आखणाऱ्या देवापुढे मला ते जमलं नसतं.

आणि हे मी आई बरी झाली म्हणून म्हणत नाहीये. बाबा काही वर्षांपूर्वी गेले, त्यांच्यासाठीही प्रार्थना केलीच होती (त्यावर पोस्ट नाही लिहिली, बघा). त्यानंतर कितीतरी महिने मला प्रार्थना करता येईना, डोळे मिटले की नुसता राग यायचा. मंडळीतल्या एक मावशी रोज रात्री नऊला फोन करायच्या, चौकशी नाही, उपदेश नाही, त्याच प्रार्थना करायच्या आणि म्हणायच्या, तू फक्त आमेन म्हण. कधी कधी तेही नाही म्हटलं मी, मावशी थोडं थांबायच्या आणि फोन ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी नऊला परत फोन. हिब्रूत विश्वासासाठी एमूना हा शब्द आहे, आमेन त्याच धातूतला, आणि बायबलच्या निर्गम ह्या पुस्तकात, 17व्या अध्यायात, एमूना हाच शब्द मोशेच्या हातांसाठी आलाय. लढाई चालू असताना त्याचे वर धरलेले हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर दोन बाजूंनी ते धरून उभे राहिले आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात एमूना, म्हणजे स्थिर राहिले. स्वतःच्या जोरावर नाहीच राहिले. विश्वासात जगणं म्हणजे काय असं तुम्ही जरा चिडूनच विचारलंय, तर माझ्यापुरतं ते मावशींच्या त्या फोनसारखं आहे.

पोस्ट डिलीट करा म्हणालात, ती करत नाहीये, पण "त्याने ऐकलं" ही ओळ काढली आहे, डॉक्टरांबद्दल लिहिलंय आणि त्या बाईंबद्दलही. चार्जरचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

तुम्ही मध्येच एका ओळीत लिहिलंत की तुमचा भाऊ छान गायचा आणि सूर चुकला की स्वतःच हसत सुटायचा. काय गायचा तो?